जाड झालेलं हृदय, घरातला वारसा आणि बीपीची गोळी

इकोच्या रिपोर्टवर हृदयाच्या मधल्या भिंतीची जाडी १८ मिलिमीटर आणि तळाशी 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी' असं लिहून आलं की घरात पहिला विषय निघतो तो ब्लॉकेजचा. अँजिओग्राफी करायची का, स्टेंट टाकायला लागेल का, कुठल्या शहरात जायचं. या धावपळीत आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: गेली काही वर्षं रोज सकाळी चहानंतर जी बीपीची गोळी घेतली जाते, ती या हृदयाला चालते का?

हा आजार रक्तवाहिन्यांचा नाही, खुद्द हृदयाच्या स्नायूचा आहे. पुष्कळदा तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. जनुकातला तो बदल आज कोणाला पुसता येत नाही, पण रक्तदाब आपल्या हातात आहे. मात्र तो कोणत्या औषधाने उतरवायचा हे एकट्या बीपीच्या आकड्यावरून ठरवता येत नाही, त्यासाठी इको समोर असावा लागतो. रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना मी सगळ्यात आधी हेच समजावून सांगतो.

स्नायू जाड का होतो

१९५८ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड टिअर यांनी तरुण वयात दगावलेल्या काही जणांच्या हृदयांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या हृदयांची मधली भिंत बाकीच्या भिंतींच्या मानाने विलक्षण जाड होती. हे कशामुळे होतं याचा जनुकीय धागा हाती लागायला १९९० उजाडलं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातल्या एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करताना अमेरिकेतल्या क्रिस्टीन आणि जोनाथन सीडमन यांच्या गटाला मायोसिन या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. त्यानंतर अशी बरीच जनुकं सापडत गेली. त्यातली दोन सगळ्यात महत्त्वाची: एमवायएच७ म्हणजे मायोसिनचं जनुक, आणि एमवायबीपीसी३, म्हणजे मायोसिनला आवर घालणाऱ्या प्रथिनाचं जनुक. हा आवर सैल पडला की स्नायू गरजेपेक्षा जोराने आकुंचतो, नीट सैल होत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या या श्रमाने जाड होत जातो.

साधारण ५०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. आई किंवा वडिलांपैकी एकाकडे असा बदल असेल तर प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. 'आमच्यात हा आजार पुरुषांनाच होतो' असं काही घरांत ऐकायला मिळतं. तसं नाही. बायकांचं निदान उशिरा होतं, कारण त्यांच्या दम लागण्याकडे घर उशिरा बघतं.

मग एकाच घरात, एकच बदल असताना, काकांना पेसमेकरसारखं यंत्र बसवावं लागतं आणि पुतणी साठीपर्यंत ठणठणीत राहते, हे कसं? याचं बरंचसं उत्तर २०२१ साली मिळालं. 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात त्या वर्षी दोन मोठे अभ्यास आले. त्यांतून दिसलं की एका मोठ्या बदलाच्या जोडीला आपल्या जनुकसंचात छोटे छोटे शेकडो फरक विखुरलेले असतात, आणि त्यांची बेरीज आजार किती तीव्र होईल हे काही प्रमाणात ठरवते. रक्तदाबाचंही असंच आहे. त्याच्याशी निगडित अशा हजाराहून अधिक जागा जनुकसंचात सापडल्या आहेत, आणि एकेकीचा वाटा बहुधा पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी.

त्यातल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. ज्यांना स्नायूची जाडी आहे पण जनुक-चाचणीत एकही ठळक दोष सापडत नाही, अशा रुग्णांमध्ये बीपीचा खालचा आकडा, म्हणजे डायस्टोलिक दाब, हे आजाराचं एक प्रमुख कारण असल्याचं त्यात दिसलं. हा दाब एका प्रमाण विचलनाने, म्हणजे लोकसंख्येत आढळणाऱ्या नेहमीच्या चढउताराच्या एका मापाने, जास्त असेल तर आजाराचा धोका सुमारे चौपट होतो. खालच्या आकड्याकडे आपल्याकडे दुर्लक्ष होतं. 'वरचं १३० आहे ना, मग ठीक आहे' म्हणत ९४ चा खालचा आकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. चाळिशीतल्या माणसाच्या बाबतीत हे विशेष घडतं, कारण त्या वयात वरचा आकडा अजून फारसा चढलेला नसतो.

आपल्याकडचा २५ अक्षरांचा तुकडा

भारतीय वाचकाला याच संदर्भात एक गोष्ट माहीत असायला हवी. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांचे सहकारी पेरुंदुराई धंडापाणी यांच्या गटाने दाखवलं की दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांच्या एमवायबीपीसी३ जनुकात २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला आहे. म्हणजे साधारण दर २५ माणसांत एकजण. तरुणपणी त्याचा काही त्रास नसतो. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर हृदय कमजोर होण्याचा धोका वाढलेला दिसला. वर्तमानपत्रांत ही बातमी मोठ्या मथळ्यांनी आली होती, आणि आजही जनुक-चाचणीच्या रिपोर्टवर हा तुकडा गळालेला दिसला की लोक घाबरून येतात.

घाबरू नका. नंतरच्या कामाने चित्र बरंच स्पष्ट केलं आहे. हा तुकडा गळालेल्यांपैकी थोड्याच जणांमध्ये त्याच जनुकात आणखी एक बदल असतो, आणि स्नायू जाड होण्याचा धोका मुख्यतः त्या दुसऱ्या बदलामुळे आहे, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. त्यामुळे नुसता २५ अक्षरांचा तुकडा गळालेला दिसला म्हणून स्वतःवर आजाराचा शिक्का मारून घेऊ नका. एकदा इको करा, बीपी काटेकोर सांभाळा, आणि घरात कोणाला हृदयविकाराचा इतिहास असेल तर दुसऱ्या बदलाची तपासणी झाली आहे का, एवढं विचारा. दुसरा बदल जनुकाच्या अशा भागात आहे जिकडे जुन्या चाचण्या बघत नसत, म्हणून हे मुद्दाम विचारायचं.

मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या घरांनी आणखी एक काळजी घ्यावी. दोन्ही बाजूंनी तोच सदोष बदल आला, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर आजार बालपणातच आणि फार तीव्र होऊ शकतो. अशा घरात एकाला जरी कार्डिओमायोपथीचं निदान झालेलं असेल, तर लग्न ठरण्याआधी जनुकीय समुपदेशकाची एक भेट घ्यायला हवी.

गोळी कोणती

आता सगळ्यात नाजूक भागाकडे येतो. जाड झालेल्या हृदयांचे दोन प्रकार असतात: रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा असलेली आणि नसलेली. पहिल्या प्रकारात मधली भिंत फुगून वाट अरुंद झालेली असते. तिच्यातून रक्त वेगाने जाऊ लागलं की समोरच्या मायट्रल झडपेची पाकळी त्या प्रवाहात ओढली जाते, पंखा लावल्यावर खिडकीचा पडदा गजांकडे ओढला जावा तशी, आणि नेमकी रक्त बाहेर पडण्याच्या क्षणी वाट अडते. इकोवर हा अडथळा दाबाच्या फरकाने, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, मोजतात. ३० किंवा त्याहून जास्त असेल तर अडथळा आहे असं धरतात. ५० च्या पुढे गेला आणि औषधांनी त्रास थांबत नसेल तर शस्त्रक्रियेचा किंवा तत्सम उपचाराचा विचार होतो. साधारण एक तृतीयांश रुग्णांत हा अडथळा बसल्या जागी दिसतो. आणखी एक तृतीयांशांत तो फक्त जोर केल्यावर किंवा उभं राहिल्यावर प्रकट होतो. म्हणून इको करताना तंत्रज्ञाने तुम्हाला नाक दाबून जोर करायला किंवा उठून उभं राहायला सांगितलं का, हे लक्षात ठेवा. सांगितलं नसेल तर 'अडथळा नाही' हा शेरा अर्धवट आहे.

हा अडथळा रक्तवाहिन्या सैल पडल्या की वाढतो, शरीरात पाणी कमी झालं की वाढतो, आणि हृदय जोराने आकुंचलं की वाढतो. आणि बीपीच्या आपल्या सर्वांत प्रचलित गोळ्या नेमकं पहिलं काम करतात. अम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन या वाहिन्या सैल करतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांचाही परिणाम त्याच दिशेने. पाण्याची गोळी शरीरातलं पाणी कमी करते. इतरांसाठी ही उत्तम औषधं आहेत, पण अडथळा असलेल्या हृदयाला त्यांनी चक्कर, छातीत दुखणं आणि बेशुद्धी येऊ शकते.

गेल्या वर्षी एक जोडपं आलं होतं. नवरा पन्नाशीचा, एसटीत कंडक्टर. बायकोने प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला आणि म्हणाली, "ह्यांचं बीपी आता एकदम छान असतंय, डॉक्टर. पण गाडीतून उतरून स्टँडचा जिना चढले की डोळ्यांपुढं अंधारी येते." पिशवीत अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनच्या एकत्र गोळीची पाकिटं होती. जुन्या इकोवर 'बीपीमुळे जाडी' असा शेरा होता आणि जाडी होती १९ मिलिमीटर. एवढी जाडी नुसत्या बीपीने क्वचितच होते; बीपीने झालेली जाडी सहसा १५ च्या आत राहते. जोर करायला लावून पुन्हा इको केला तेव्हा अडथळा २२ वरून ७८ वर गेला. गोळी बदलून मेटोप्रोलोल सुरू केली, हळूहळू वाढवली. महिनाभराने बीपी आधीच्याइतकंच होतं आणि अंधारी थांबली होती. बायकोच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं, पण मला त्यांच्या दोन मुलांचं इको व्हायचंय याची काळजी होती.

अडथळा असेल तर बीपीसाठी पहिली निवड बीटा-ब्लॉकर गटातल्या औषधांची: मेटोप्रोलोल, बायसोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल. ती सोसत नसतील तर व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम. पण अडथळा फार तीव्र आणि बीपी आधीच कमी असेल तर व्हेरापामिलही धोक्याचं. अडथळा मुळीच नसेल तर टेल्मिसार्टनसारखी औषधं चालतात. एवढंच नव्हे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हॅनिश' या अभ्यासात, जनुकदोष असलेल्या आणि आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तरुण रुग्णांना व्हाल्सार्टन हे बीपीचंच औषध दोन वर्षं दिल्यावर हृदयाची रचना आणि काम थोडं चांगलं राहिलं. आजार पुरता मुरल्यावर मात्र याच गटातल्या लोसार्टनने काही फायदा दिसला नव्हता. म्हणजे एकाच गटातलं औषध एका टप्प्यावर उपकारक, दुसऱ्यावर निरुपयोगी, आणि अडथळा असेल तर घातक.

म्हणून एक विनंती: हा लेख वाचून स्वतःची गोळी आज बंद करू नका. बीटा-ब्लॉकर अचानक सोडणं तर फारच धोकादायक. पुढच्या भेटीत रिपोर्ट घेऊन जा आणि सरळ विचारा, 'माझ्या हृदयात अडथळा आहे का, जोर केल्यावर किती आहे, आणि ही गोळी त्याला चालते का?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

एक गोष्ट मात्र आजच करता येईल. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची, म्हणजे नायट्रेटची, गोळी आपल्याकडे अनेकांच्या पाकिटात, देवघराच्या कप्प्यात, अगदी सोसायटीच्या वॉचमनकडेही असते. अडथळा असलेल्या रुग्णाला ती देऊ नये. वाहिन्या झटक्यात सैल पडतात आणि माणूस जागीच कोसळू शकतो. घरातल्या सगळ्यांना हे आज सांगून ठेवा. लैंगिक ताकदीसाठीच्या सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्यांचंही तेच, आणि प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिन, प्राझोसिन यांच्याबद्दल आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. लाजेपोटी हे बोललं जात नाही, म्हणून मी ओपीडीत स्वतःहून विचारतो.

धावपट्ट्यावरचा बीपीचा रकाना

टीएमटी म्हणजे धावपट्ट्यावरची चाचणी झाली की लोक शेवटच्या पानावरचा 'निगेटिव्ह' हा शब्द बघून कागद फाइलला लावतात. ते पान उलटून बीपीचा रकाना बघा. निरोगी माणसाचा वरचा आकडा व्यायामात वाढत जातो. काही रुग्णांत तो २० नेसुद्धा वाढत नाही, किंवा वाढून मध्येच खाली येतो: १२०, १३४, १३८, आणि मग १२२. काम न करणाऱ्या स्नायूंकडच्या वाहिन्याही चुकीने सैल पडल्यामुळे हे होतं. विशेषतः चाळिशीच्या आतल्या रुग्णांत ही धोक्याची खूण मानतात. घरात कोणाचा अचानक मृत्यू झाला असेल, स्वतःला बेशुद्धी आली असेल, जाडी ३० मिलिमीटर किंवा जास्त असेल, होल्टरमध्ये, म्हणजे दिवसभराच्या ईसीजीत, वेगवान अनियमित ठोके दिसले असतील, तर या खुणेला आणखी वजन येतं, आणि हृदयाला वेळीच विजेचा झटका देणारं यंत्र बसवायचं का याची चर्चा सुरू करावी लागते. ही चाचणी या आजारात डॉक्टर समोर असतानाच करायची.

याच कारणाने रोजच्या आयुष्यात दोन सवयी लावून घ्या. व्यायाम किंवा पळापळ एकदम थांबवू नका, दोन-तीन मिनिटं हळूहळू चालत थांबा. आणि भरपेट जेवणानंतर लगेच जिना चढू नका. जेवणानंतर पोटाकडे रक्त वळतं आणि अडथळा वाढतो. सह्याद्रीतल्या गडांवर जाणारी मुलं असतील तर त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून मगच ठरवावं. आजकाल पूर्वीसारखी सरसकट बंदी घालत नाहीत, मध्यम व्यायाम बहुतेकांना चालतो. पण चढणीवर एकमेकांशी लावलेली शर्यत हा मध्यम व्यायाम नव्हे.

पाण्याबद्दल मला जरा ठासून बोलायचंय. निर्जळी एकादशी, हरतालिकेचा निर्जळ उपास, रमजानचे रोजे, चंद्रपूर-नागपूरकडचा मे महिना, आषाढी वारीतली लांबची चाल, आणि जुलाब-उलट्या: या सगळ्यांत शरीरातलं पाणी कमी होतं, बीपी उतरतं आणि अडथळा वाढतो. देवाचा उपास करूच नये असं मी कुणाला सांगत नाही. पण अडथळा असलेल्या बाईने निर्जळ उपास धरू नये, पाणी आणि ताक घेऊन धरावा, हे मी आग्रहाने सांगतो, आणि सासूबाई सोबत आल्या असतील तर त्यांच्यासमोरच सांगतो. जुलाब लागले की ओआरएस तातडीने सुरू करायचं, आणि पाण्याची गोळी चालू असेल तर त्या दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. दारूने वाहिन्याही सैल पडतात आणि पाणीही जातं, तेव्हा तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

घरी बीपी मोजताना

दंडावर बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून बसा, हात हृदयाच्या उंचीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल तर वहीत लाल शाईने लिहा. लक्ष्य साधारण १३०/८० च्या आत, पण चक्कर न येता. ठोके अनियमित असतील तर, आणि या आजारात एट्रियल फिब्रिलेशन पुष्कळांना होतं, यंत्राचा एकच आकडा धरू नका; तीनदा मोजून सरासरी काढा, आणि ठोके अनियमित वाटतात हे डॉक्टरांना सांगा, कारण तेव्हा पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची गरज पडते.

बीपी आपोआप उतरतंय तेव्हा

हृदय पसरट होऊन पंपाचा जोर कमी झालेल्या आजाराला डायलेटेड कार्डिओमायोपथी म्हणतात. घराण्यात चालत आलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांशांत टायटिन या प्रथिनाचं जनुक मध्येच तुटलेलं सापडतं. बाळंतपणाच्या आसपास हृदय कमजोर झालेल्या काही स्त्रियांतही तेच. इथे बीपीचं गणित वेगळं आहे. रुग्णाचं बीपी ९८/६० असतं, घरचे घाबरतात आणि गोळ्या बंद करतात. पण सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन ही औषधं या आजारात बीपीसाठी नसतातच, ती हृदयाला जपण्यासाठी असतात. चक्कर नसेल, लघवी नीट होत असेल, तर त्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. बरं वाटतंय म्हणून सोडायचीही नाहीत. २०१९ च्या 'ट्रेड-एचएफ' अभ्यासात पंपाचा जोर पूर्ण सुधारलेल्या रुग्णांची औषधं देखरेखीखाली थांबवली, तर सहा महिन्यांत ४४ टक्के जणांचा आजार उलटला.

आणखी एक खूण अशी, जी ऐकायला आनंदाची वाटते. सत्तरीतले काका सांगतात, "आयुष्यभर बीपी होतं, आता आपोआप गेलं, गोळ्यासुद्धा बंद केल्या." सोबत जिना चढताना दम, पायांना सूज, दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या किंवा मनगटाचं ऑपरेशन झालेलं, आणि इकोवर जाड भिंती. हा अमायलॉइड असू शकतो, म्हणजे हृदयाच्या स्नायूत साचत जाणारं प्रथिन. काही घरांत तोही जनुकातून येतो. त्याची वेगळी तपासणी असते आणि वेगळं औषधही.

घरातल्या बाकीच्यांचं

निदान झालं की मी रुग्णाला एका कोऱ्या कागदावर घराण्याचा वृक्ष काढायला लावतो. आजोबा-आजी, काका-आत्या, मामा-मावश्या, भावंडं, मुलं. ज्याच्यापुढे 'झोपेत गेला', 'विहिरीत पोहताना बुडाला', 'शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली' असं येतं, तिथे गोल करायचा. पट्टीचा पोहणारा माणूस बुडतो तेव्हा त्यामागे कधीकधी हृदय असतं.

जनुक-चाचणी पहिल्यांदा रुग्णाची करायची, निरोगी मुलांची नाही. ठळक दोष सापडला तरच इतरांची तेवढीच एक चाचणी करता येते. रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' अशा प्रकारचा बदल आला तर त्यावरून मुलांबद्दल काहीच निर्णय घेऊ नका. भारतीयांची जनुकीय माहिती आजवर कमी गोळा झालेली असल्याने आपल्या रिपोर्टांत असे शेरे जास्त येतात. जीनोम इंडिया प्रकल्पातून १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांना आता उपलब्ध झाल्याने यात फरक पडेल अशी मला आशा आहे. चाचणी झाली नाही किंवा काही सापडलं नाही, तरी भावंडं आणि मुलांचं इको आणि ईसीजी व्हायलाच हवं: मुलांचं दर एक-दोन वर्षांनी, मोठ्यांचं दर तीन ते पाच वर्षांनी. एकदा 'नॉर्मल' आलं म्हणून थांबायचं नाही, कारण जाडी कुठल्याही वयात सुरू होऊ शकते. जनुकदोष आहे पण इको स्वच्छ आहे अशा नातेवाइकाने बीपी आणि वजन तरुणपणापासून सांभाळावं.

विम्याच्या भीतीने काही जण तपासणी टाळतात. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजाराच्या सरसकट अटीखाली आरोग्यविम्याचा दावा नाकारणं भेदभावाचं ठरवलं. तो खटला याच आजाराच्या एका रुग्णाचा होता. त्यानंतर महिन्याभरातच विमा नियामकाने कंपन्यांना तशा अटीवर दावे नाकारू नयेत असं कळवलं. पॉलिसीतली अट वाचा, झालेलं निदान लपवू नका, आणि दावा नाकारला तर लेखी कारण मागा.

शेवटी, पाकिटात आणि मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर एक चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत. तीवर आजाराचं पूर्ण नाव, 'अडथळा आहे' किंवा 'नाही', चालू औषधं, हृदयाच्या डॉक्टरांचा आणि घरच्यांचा नंबर. अडथळा असेल तर खाली ठळक अक्षरांत: 'नायट्रेट देऊ नये. बीपी पडल्यास आडवं झोपवून पाय उंच करावेत, सलाइन द्यावं. हृदयाचा जोर वाढवणारी इंजेक्शनं टाळावीत, फेनिलएफ्रिनचा विचार करावा.' दात काढायचा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात ही चिठ्ठी आधी द्यायची.